डिस्कस, आम्ल आणि टँकरचं पाणी

डिस्कस मेला की फोनवर, दुकानात, ओळखीच्या पाळणाऱ्यांत पहिला प्रश्न एकच असतो : पीएच किती होता? मालक आकडा सांगतो, साडेसात, पावणेआठ, आठ. ऐकणारा मान हलवतो. निदान झालं. मासा आम्लाच्या पाण्यातला, हे पाणी तसं नव्हतं, म्हणून गेला. पुढचा सल्लाही ठरलेला : पीएच कमी करायची बाटली आणा.

डिस्कस पाळणारे, विकणारे आणि त्यांची पैदास करणारे यांच्याकडे बसून, त्यांच्या टाक्यांत डोकावून झाल्यावर माझं मत असं झालंय की हे निदान बहुतेक वेळा चुकतं. आम्लता कमी पडली म्हणून मेलेले डिस्कस थोडे. ती आणण्याच्या घाईत मेलेले पुष्कळ.

कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात पाळायचे मासे पिशव्यांमध्ये पाणी आणि हवा भरून मांडलेले असतात. तिथे एका विक्रेत्यानं मला उलट प्रश्न केला, “साहेब, पाणी कुठलं तुमच्याकडे? बीएमसीचं की बोअरिंगचं?” मी पीएच सांगायला लागलो तर म्हणाला, “तो राहू द्या. तो सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. पाणी कुठलं ते बोला.” पुस्तकं जिथे अनेक पानांनी पोचतात तिथे हा गडी दोन वाक्यांत पोचला होता. त्याचं म्हणणं समजायचं तर आधी ॲमेझॉनच्या खोऱ्यात जाऊन यावं लागतं.

डिस्कस म्हणजे सिम्फिसोडॉन, सिक्लिड कुळातला मासा. आकार थालीपिठाचा, चाल संथ, स्वभाव भित्रा, आणि किंमत अशी की चांगल्या जातीची जोडी घरी सांगताना एखादं शून्य गाळलं जातं. ऑस्ट्रियाचा योहान नाटरर १८१७ ते १८३५ या काळात ब्राझीलमध्ये राहून प्राणी-पक्षी जमवत होता. त्यानं रिओ नेग्रोतून पाठवलेल्या माशाचं वर्णन योहान याकोब हेकेलनं १८४० मध्ये व्हिएन्नात बसून लिहिलं. मासा बरणीतून आला, त्याचं पाणी काही आलं नाही. आलं असतं तरी मोजणार कशानं? पीएच हे माप १९०९ सालचं. कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन यांनी ते मांडलं. त्या मोजपट्टीवर एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, दोन अंक खाली म्हणजे शंभरपट. ‘सातावरून साडेसहावर आणला, अर्धाच अंक तर आहे’ असं म्हणताना आपण माशाला तिपटीहून अधिक आम्लात ढकलत असतो, हे ध्यानात येत नाही.

रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, वाळूच्या जमिनीतून येते. जमिनीत क्षार जवळपास नाहीतच, आणि वरून जंगलाचा पाला अखंड कुजतोय. त्यातून ह्युमिक आणि फुल्विक आम्लं उतरतात, पाणी गडद तपकिरी होतं. पीएच चार ते पाच. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएसच्या मीटरवर आकडा दोन अंकी व्हायची मारामार. मानाउस शहराजवळ पावसाळी पुरात पाणी दहाएक मीटर चढतं, मैलोन् मैल जंगल बुडतं, आणि त्या बुडालेल्या खोडा-फांद्यांच्या गुंत्यात हेकेलचा डिस्कस राहतो. याच मानाउसच्या खाली काळी नेग्रो आणि गढूळ सोलिमोएस एकमेकींना भेटतात, पण तापमान, वेग आणि घनता निरनिराळी असल्यानं सुमारे सहा किलोमीटर दोन्ही पाणी शेजारी शेजारी, न मिसळता वाहतं. सोलिमोएसचा पीएच साताच्या जवळ. आणि तिच्या बाजूच्या तळ्या-उपनद्यांतही डिस्कस आहेतच, हिरवे, निळे, तपकिरी. म्हणजे ‘डिस्कसला साडेपाच पीएच लागतो’ हे सरसकट विधान रानातल्या सगळ्या डिस्कसनाही लागू पडत नाही.

आपल्याकडच्या टाक्यांत येणारा डिस्कस तर रानातला नसतोच. जर्मनी, थायलंड, मलेशियातलं पेनांग इथे पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेल्या माशांची ही पिल्लं. ज्या ‘पिजन ब्लड’साठी लोक वेडे होतात ती जात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बँकॉककडे निपजली. तिनं काळी नदी पाहिलेली नाही. (नदीकाठच्या बार्सेलोस गावाला मात्र अजून या माशाचं कौतुक आहे. तिथल्या शोभिवंत माशांच्या उत्सवात गाव दोन तट करून नाचतं, एक कार्डिनल टेट्राचा, दुसरा डिस्कसचा.)

आणखी एक गोष्ट. मानाउसच्या ‘इन्पा’ या ॲमेझॉन संशोधन संस्थेत नेग्रोतल्या माशांवर जे काम झालं, त्यातून दिसलं की तिथल्या पाण्यातलं ते तपकिरी सेंद्रिय द्रव्य माशाच्या कल्ल्यांचं रक्षण करतं. एरवी इतक्या आम्लात कल्ल्यांतून सोडियम गळून जातो. ते द्रव्य असलं की गळती कमी होते. बाटलीतल्या आम्लात आकडा तेवढा मिळतो, हे संरक्षण मिळत नाही.

आता आपल्या पाण्याकडे. पाण्यात पीएचला धरून ठेवणारा एक घटक असतो, बायकार्बोनेट. पाळणारे त्याला केएच म्हणतात आणि अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता. आम्ल पाण्यात पडलं की आधी केएच खर्च होतो, पीएच मग हलतो. केएच भरपूर असेल तर पीएच जागचा हलत नाही आणि शून्याला टेकला की कुठेही जाऊ शकतो. कुर्ल्याचा विक्रेता ‘पाणी कुठलं’ विचारतो तेव्हा तो खरं तर केएच विचारत असतो.

पुण्याजवळ वाघोलीत एका निवृत्त गृहस्थांकडे हे समोर पाहायला मिळालं. सोसायटीला टँकर, टँकरचं पाणी बोअरचं. दख्खनच्या काळ्या पाषाणातून मुरून आलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. त्यांच्या घरातला गिझर आणि नळाची तोटी दोन्ही त्याची साक्ष देत होते. टाकी सुरेख, मासे कोपऱ्यात, अंग काळवंडलेलं, कल्ले भराभर हलताहेत.

“काका, बाटली कधीपासून टाकताय?”

“रोज संध्याकाळी दोन झाकणं. टाकलं की सव्वासहा होतो बघा. सकाळी उठून बघावं तर परत पावणेआठ. माझं काय चुकतंय?”

पाच मिलिलिटर पाणी काचेच्या नळीत घेतलं. केएचच्या चाचणीचं द्रावण थेंब थेंब टाकायचं, हलवायचं. निळं पाणी ज्या थेंबाला पिवळं होईल तितके अंश. चार थेंब, सहा, आठ... निळंच. काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. चौदाव्या थेंबाला रंग फिरला.

चौदा अंश केएच असलेल्या पाण्यात आम्ल टाकलं की त्यातलं थोडं बायकार्बोनेट फुटून कार्बन डायऑक्साइड होतो. या वायूमुळे पीएच त्या घडीला झपकन उतरतो, माशाला धाप लागते, तो पृष्ठभागाशी येतो. रात्रभर हवेच्या दगडातून बुडबुडे निघतात, वायू उडून जातो, सकाळी पीएच जवळजवळ पूर्वीच्या जागी. केएच मात्र दर खेपेला थोडा खाली गेलेला असतो. असं करत करत एके दिवशी तो संपतो आणि त्या दिवशी तीच दोन झाकणं पीएच साडेचारावर नेतात. काकांचे मासे पावणेआठ पीएचमुळे आजारी नव्हते, रोज दीड अंकाच्या झोक्यावर बसवल्यानं होते. बाटली बंद करा, एवढाच उपाय त्या दिवशी करण्याजोगा होता, आणि तोच त्यांना सगळ्यांत अवघड गेला. औषध थांबवणं हा उपाय वाटत नाही आपल्याला.

मुंबईचं दुखणं नेमकं उलटं. तानसा, भातसा, वैतरणा हे तलाव पावसानं भरतात. हे पाणी मुळातच मऊ, केएच कमी. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की शुद्धीकरण केंद्रात तुरटी जास्त पडते आणि तुरटी लिटरमागे एका मिलिग्रॅमला सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. म्हणजे डिस्कससाठी मुंबईचा नळ हे जवळजवळ वरदान आहे, क्लोरीन मारला की झालं. पण धोका टाकीच्या आत तयार होतो.

फिल्टरमधले जिवाणू माशाच्या मलमूत्रातला अमोनिया नायट्रेटपर्यंत नेतात आणि त्या कामात क्षारता खातात. बंदिस्त मत्स्यपालनात ठोकताळा आहे, किलोभर खाद्यामागे पाव किलो खाण्याचा सोडा. तोच हिशेब घराला लावू. टाकी २०० लिटरची, केएच दोन अंश. त्यात एकूण क्षारता बारा ग्रॅम सोड्याइतकी. म्हणजे पन्नासेक ग्रॅम कोरडं खाद्य खाऊन झालं की ती संपली. पाच मोठे डिस्कस रोज पाच ग्रॅम खात असतील तर दहा दिवस. डिस्कस पाळणारा माणूस हाताचा सैल असतो. कोळंबी, मासळी वाटून केलेलं ओलं खाद्य वर आणखी असतंच. पाणी नियमानं बदललं नाही की पीएच साडेसहा, सहा, पाच असा उतरत जातो.

आणि मालकाला ते कळत नाही. बाजारात सहज मिळणारी पीएचची थेंबांची चाचणी ६ ते ७.६ एवढंच दाखवते. सहाला पिवळी, पाचालाही पिवळी, चारालाही पिवळीच. मालक खूष, ‘बघा, काही न टाकता सहा राहतो.’ मासेही बरे दिसतात. खरं तर सहाच्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं, पुढे जवळपास थांबतं, अमोनिया साठत जातो. पण आम्ल पाण्यात तो अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो. २८ अंश तापमानाला पीएच सहा असेल तर एकूण अमोनियातला विषारी भाग जेमतेम ०.०७ टक्के. सात असेल तर ०.७. आठ असेल तर साडेसहा टक्के.

मग येते दिवाळीची साफसफाई. घर निघतं, माळे निघतात, पाहुणे येणार म्हणून टाकीही निघते. आठवडेच्या आठवडे न हललेलं पाणी एका सकाळी तीन चतुर्थांश काढून नळाचं ताजं भरलं जातं. पीएच पाचावरून साडेसात-पावणेआठावर उडी मारतो. पाणी बदलल्यानं अमोनिया चतुर्थांशावर आला खरा, पण जो उरला त्यातला विषारी भाग शेकडो पटींनी वाढला. संध्याकाळपर्यंत मासे आडवे. आणि सगळे म्हणतात, नळाच्या पाण्याचा पीएच जास्त होता ना, म्हणून गेले. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, जिथे विचारलं तिथे या गोष्टीची एकेक आवृत्ती ऐकायला मिळाली. टाकी स्वच्छ करणाऱ्या घरच्या बाईवर किंवा नोकरावर त्याचं खापर फुटलेलंही ऐकलं, ते फार वाईट वाटलं.

अशी टाकी हाती आली तर आधी अमोनिया मोजावा, खाणं दोन दिवस बंद करावं आणि पाणी एका वेळी दहावा हिस्साच बदलावं, सकाळ-संध्याकाळ. अमोनिया उतरल्यावर केएच वाढवायचा. १०० लिटरला तीन ग्रॅम खाण्याचा सोडा एक अंश वाढवतो; तो पाण्यात विरघळवून, दिवसाला अर्ध्या अंशाहून जास्त नाही. नव्या पाण्याचा पीएच मोजायचा तो नळाखाली नव्हे. बादलीत एक दिवस हवा सोडून मग मोजायचा, कारण नळातून, विशेषतः बोअरमधून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबलेला असतो आणि तो उडाला की आकडा पुष्कळ वर जातो.

हाच अमोनियाचा खेळ कुरियरच्या पिशवीतही होतो. चेन्नईच्या कोलातूरहून, शोभिवंत माशांच्या त्या मोठ्या बाजारातून, निघालेला डिस्कस दीड-दोन दिवस पिशवीत असतो. श्वासातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याचा पीएच उतरवतो, त्यामुळे साठलेला अमोनिया बाधत नाही. आपण पिशवी उघडतो, काळजीपोटी हवेची नळी आत सोडतो, टाकीचं पाणी थेंब थेंब तासभर मिसळत बसतो. वायू उडतो, पीएच चढतो आणि मासा त्याच्याच घाणीत होरपळतो. दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाला थेंबांची पद्धत ठीक. दूरच्या पिशवीला मात्र तापमान जुळवायचं, उघडायचं, मासा अलगद उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.

मग पाणी आम्ल करायचंच नाही का? करायचं, पण उलट्या टोकाकडून. आधी केएच उतरवायचा, पीएच आपसूक येतो. टँकरवाल्यांना आरओवाचून गत्यंतर नाही. हिशेब सोपा आहे : केएच आठचं पाणी निम्मं आणि आरओचं निम्मं घेतलं की केएच चार. केएच आणि जीएच (पाण्याचा एकूण कडकपणा) असे सरळ भागले जातात, पीएच तसा भागला जात नाही, म्हणून मिश्रण केएच पाहून ठरवावं. आरओ यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतं. टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीत ते गटारात सोडणं मला पटत नाही, फरशी पुसायला, संडासात ओतायला ते चालतं. निव्वळ आरओच्या पाण्यावर टाकी ठेवणं ही दुसऱ्या टोकाची चूक. त्यात पकड काहीच नसते. शिवाय अशा पाण्यात पीएचचं पेन नीट स्थिरावतही नाही, आकडा भटकत राहतो आणि त्यापाठी माणूसही.

केएच दोन ते चारावर आला की मग लाकूड, पीट मॉस, पानं यांचा उपयोग. आणि इथे मुंबई-कोकणवाल्यांच्या दाराशीच माल आहे. सोसायटीच्या आवारातला बदाम, टर्मिनॅलिया कटापा, गळण्याआधी ज्याची पानं लाल होतात. दुकानात हीच पानं इस्त्री केल्यासारखी पाकिटात बसून भाव खातात. फवारणी नसलेल्या झाडाची, आपणहून गळलेली पानं धुऊन, वाळवून १०० लिटरला दोन-तीन टाकावीत. टॅनिन उतरतं, पाणी तपकिरी होतं, पीएच हळूहळू थोडा खाली येतो. केएच चौदा असेल तर मात्र पोतंभर पानं टाकूनही फक्त रंगच येईल.

टाकीतले दगडही पाहावेत. कोकणातून आणलेले शंख-शिंपले, नर्सरीतली संगमरवराची पांढरी खडी आणि शहाबादी फरशीचा तुकडा, हे सगळं चुनखडीचं. आम्ल पाण्यात ते विरघळत राहतं आणि केएच वर नेतं. दगडावर लिंबू पिळावं, बुडबुडे आले तर तो दगड कुंडीत.

खरी आम्लता, खरं मऊ पाणी लागतं ते पैदाशीला. कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, असा पैदास करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव. म्हणून ते जोडीला वेगळी टाकी देतात, आरओचं प्रमाण वाढवतात, पीएच सहाच्या आसपास ठेवतात. अंडी अडीच-तीन दिवसांत फुटतात. पुढे दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहायला लागली की आई-बापाच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवरचा स्राव खाऊन वाढतात. आई दमली की अंग झटकते आणि सगळी टोळी क्षणात बापाकडे जाते. डोंबिवलीच्या एका खोलीत हे बघताना माझा चहा गार झाला. प्लायमाउथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की या स्रावात प्रथिनं आणि प्रतिपिंडं असतात आणि पिल्लं असताना ती वाढतात. पिल्लं सुटली की तोच पैदास करणारा त्यांना टप्प्याटप्प्यानं साध्या नळाच्या पाण्यावर आणतो आणि रोज निम्म्याहून अधिक पाणी बदलतो. आपण त्याच्याकडून जो मासा विकत घेतो तो साताच्या वर-खाली पीएचला रुळलेला असतो. घरी आणून त्याला साडेपाचावर नेणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हेत.

एक प्रश्न मग विचारायला हवा : आपल्या घरच्या पाण्यावर डिस्कस ठेवावाच का? केएच सहापर्यंत असेल, पीएच स्थिर साडेसातापर्यंत असेल, आठवड्याला निम्मं पाणी बदलायची तयारी असेल आणि तापमान २८ ते ३० अंश राखता येत असेल (मुंबईत वर्षातला बराच काळ हीटर लागत नाही, पुण्यात डिसेंबरात लागतोच) तर काहीही न टाकता ठेवावा. बारा-चौदा केएचच्या टँकरवर असाल आणि आरओ बसवायचा नसेल, तर आफ्रिकेतल्या टांगानिका-मलावी सरोवरांचे सिक्लिड ठेवा. ते कडक पाण्यातलेच, रंगानं डिस्कसला हार जात नाहीत आणि तुम्हाला रोज झाकण मोजायला लावत नाहीत.

डिस्कस घ्यायचंच ठरलं असेल तर मासा आणण्याआधी केएचची चाचणी आणा. पीएच कमी करणाऱ्या बाटलीपेक्षा ती स्वस्त पडते, आणि ती हातात असली की बाटली घ्यायची वेळ सहसा येत नाही. या दिवाळीत टाकी निघणार असेल, तर पाणी आठ दिवस आधीपासून थोडं थोडं बदलायला लागा. वसुबारसेला एकदम नको.